त्रिनिदादमध्ये साडेआठ तास

जलपर्यटनाला निघालेल्या माणसाच्या वाट्याला बेटे येतात ती तासांच्या मापाने. सकाळी आठला आमची बोट पोर्ट ऑफ स्पेनच्या धक्क्याला लागली. साडेचारपर्यंत परत या, बोट कुणासाठी थांबत नाही, अशी ताकीद आदल्या रात्रीच मिळालेली. बरोबरीची मंडळी समुद्रस्नानाला गेली. आम्ही उभयतांनी टॅक्सी ठरवली.

चालक साठीचा, चेहऱ्यामोहऱ्याने थेट आपल्याकडचा. भाषा मात्र इंग्रजी, तीही गाण्याच्या चालीवर. भाडे ठरवताना तो तसूभरही हलला नाही.

मी आधी क्वीन्स पार्क ओव्हलला गाडी घ्यायला लावली. मार्च १९७१ मध्ये याच मैदानावर आपल्या सुनील गावसकरने पहिली कसोटी खेळली. सरदेसाईंनी ११२ धावा काढल्या आणि वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीजला कसोटीत प्रथमच हरवले. पुढे एप्रिलमध्ये इथेच गावसकरने एका सामन्यात १२४ आणि २२० काढल्या. मी फाटकाशी हे सारे सांगत असता सौभाग्यवती घड्याळ पाहत होत्या.

वाटेत 'डबल्स' खाल्ले. दोन मऊ तळलेल्या पुऱ्या, मध्ये चण्याची उसळ, वर चिंचेची चटणी. पुरीला तिथे 'बारा' म्हणतात. हा आपला वडाच, सातासमुद्रांपलीकडे जाऊन रूप पालटलेला!

ही माणसे इथे आली कशी? गुलामगिरी संपली आणि उसाच्या मळ्यांना मजूर हवे झाले. ३० मे १८४५ रोजी 'फतेल रझाक' हे जहाज कलकत्त्याहून तीन महिन्यांहून अधिक प्रवास करून सव्वादोनशेच्या आसपास माणसे घेऊन इथे पोचले. १९१७ पर्यंत एक लाख चाळीस हजारांवर माणसे आली, बहुतेक बिहार आणि संयुक्त प्रांतातली. करार पाच वर्षांचा, परतले थोडेच. नायपॉल यांचे चग्वानास गाव लागले, तेही याच लोकांचे. अंगणाअंगणांत बांबूला लावलेल्या रंगीत झेंड्या दिसत होत्या.

वॉटरलूला समुद्रातले मंदिर आहे. शिवदास साधू या मजुराने १९४७ मध्ये किनाऱ्यावर देऊळ बांधले. जमीन साखर कंपनीची. १९५२ मध्ये देऊळ पाडले गेले, साधूला चौदा दिवसांची कैद झाली, वर दंड. सुटल्यावर त्याने विचार केला, जमीन कंपनीची, पण समुद्र कुणाचा? मग सायकलवरून दगडमाती वाहून त्याने भर पाण्यात भराव घातला. अनेक वर्षे हा उद्योग चालला होता. लाटांनी खचलेले ते देऊळ १९९५ मध्ये नव्याने उभे राहिले. आम्ही गेलो तेव्हा ओहोटी होती. भोवती नुसता चिखल आणि बगळे.

तिथे चालकाने खिशातून एक घडीचा कागद काढला. त्याच्या पणजोबांच्या परवान्याची नक्कल. 'तुम्ही भारतातले. हे गाव कुठले?' जिल्हा बस्ती, एवढे मला लागले. गावाचे नाव कुणा कारकुनाने कानाला लागले तसे इंग्रजीत खरडलेले. आम्ही मुंबईचे, बस्ती आम्ही नकाशातच पाहिलेली. त्याचा चेहरा उतरला. वर्षानुवर्षे तो भारतीय उतारूंना हेच विचारीत आला होता म्हणे.

'घरात कोणी हे नाव घेत असे का?' सौभाग्यवतींनी विचारले.

'माझी आजी घ्यायची.' आजी! अगदी आपलाच शब्द. त्याने आठवून आठवून तो उच्चार केला. कागदाशी ताडून पाहता शेवटचे अक्षर उलगडले: 'पूर' असावे. पुढचा भाग निम्माच लागला. हिने तेवढे नाव कागदाच्या पाठीवर देवनागरीत लिहून दिले आणि बस्तीच्या नकाशात शोधून कळवायचे कबूल केले.

त्याने कागद उलटसुलट फिरवला. 'वरची बाजू कुठली?'

हिने अक्षरांवरच्या रेघेवर बोट ठेवले.

सव्वाचारला धक्क्यावर पोचलो. भाडे त्याने ठरल्याप्रमाणेच घेतले, एक डॉलरही सोडला नाही.