दोन पावसाळ्यांची फांदी

चंद्रपूरच्या गोंडकालीन परकोटावर, बिनबा दरवाज्याच्या बाजूला, पिंपळाच्या मुळ्या दगडांवरून खाली उतरलेल्या पाहिल्या होत्या. दोन मुळ्या जिथे एकमेकींवर आडव्या आल्या होत्या तिथे साल एकच झालेली. कुठली मुळी कुठे संपते ते चाचपूनही कळेना. मार्च २०१७ पासून इको-प्रो संस्थेच्या मंडळींनी परकोटावरची झाडंझुडपं काढायला घेतली. ते फार चांगलं काम झालं, कारण ह्याच मुळ्या पुढे बुरूज फोडतात. तो सांधा मात्र मनातून जाईना. झाड स्वतःला असं जोडून घेत असेल, तर कुंडीतल्या झाडाला नसलेली फांदी देता येईल का? ते शिकायला मी शहराबाहेरच्या एका रोपवाटिकेत जाऊ लागले.

तिथले भाऊ सिंदेवाहीकडचे. हयात आंब्याची कलमं बांधण्यात गेलेली. विदर्भाला कलम नवं नाही. नागपुरी संत्र्याच्या बागाच्या बागा जंबेरीच्या नाहीतर रंगपूर लिंबाच्या खुंटावर डोळा भरून उभ्या राहिल्या आहेत. शहरातल्या हौशी लोकांमुळे भाऊंकडे बोन्साय आलं, आणि त्यांनी आंब्यावरचा हात नांद्रुकावर वळवला. माझा नांद्रुक त्यांनी कुंडीसकट फिरवून पाहिला. बुंधा छान जाड, पण डावी बाजू अगदी उघडी.

‘‘इथं पाह्यजे फांदी,’’ ते म्हणाले. ‘‘पन दोन पावसाळे हात लावाचा नाही, ताई.’’

आंब्याच्या मृदुकाष्ठ कलमात काडी झाडापासून तोडतात, तिला पाचरीसारखा काप देतात आणि खुंटाच्या चिरेत बसवून पट्टी गुंडाळतात. जोड जमेपर्यंत ती काडी उपाशीच असते. भाऊ बोन्सायसाठी जी पद्धत वापरतात तिच्यात फांदी तोडायचीच नाही. त्याच झाडाचा खालचा लांब, कोवळा फुटवा घ्यायचा, बुंध्याला आरपार भोक पाडायचं आणि सुईत दोरा ओवावा तसा तो त्यातून पलीकडे काढायचा. मूळ जागेवरून त्याला अन्नपाणी मिळतच राहतं. म्हणून शिकाऊ माणसाला हीच पद्धत सोपी, असं भाऊंचं मत. मलाही ते पटलं. झाडाला तोडलं जात नाही, हे मला विशेष आवडलं.

फुटव्याची पानं कात्रीने काढली, देठ तेवढे ठेवले. लगेच पांढरा चीक सुटला आणि उंबर फोडल्यावर येतो तो कच्चा वास हाताला लागला. वड, पिंपळ, नांद्रुक, सगळ्यांचंच हे असं. भाऊ ओल्या फडक्याने चीक टिपत थांबले. चीक वाहत असताना जोड बसवला की मध्ये पापुद्रा धरतो. शेंड्याला टोकदार आवरणात मिटलेला कोंब असतो. तो भोकातून जाताना खरचटला तर पुढची वाढच खुंटते. भाऊंनी फुटवा ओढला नाही. मागून हळूच सरकवत राहिले, आणि कोंब पलीकडे दिसला तेव्हा कुठे श्वास सोडला.

मग त्यांनी नखाने फुटव्याची साल किंचित खरवडून दाखवली. वरच्या तपकिरी सालीखाली हिरवा थर, आणि त्याच्याही आत, लाकडाला लागून, ओलसर अंतर्साल. जोड धरतो तो एवढ्याच पातळ थराचा. आतलं लाकूड लाकडाला कधी जुळत नाही. त्यामुळे फुटव्याची अंतर्साल बुंध्याच्या अंतर्सालीला भोकाच्या काठाशी टेकलीच पाहिजे. बारीक पाचर मारून फुटवा घट्ट बसवला, दोन्ही तोंडांना मेण लावलं, संपलं.

हे सगळं पावसाळ्याच्या तोंडाशी करायचं. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ अंशांपुढे जातो. त्या झळीत पानं काढलेला फुटवा वाळून जाईल. वीज केंद्राच्या आणि कोळशाच्या ह्या गावात पानांवर काळी धूळ बसते, ती धुवावी लागते ते वेगळंच.

‘‘कापाचं कधी?’’ मी विचारलं. भाऊंनी रोपवाटिकेतल्या एका जुन्या झाडाशी नेलं. तिथे फुटवा बुंध्यात शिरत होता तो पेन्सिलीएवढा, आणि पलीकडे निघत होता तो चांगला बोटाएवढा. निघणारी बाजू शिरणाऱ्या बाजूपेक्षा जाड झाली, म्हणजे फांदी बुंध्याचा रस प्यायला लागली. मग शिरणारी बाजू बुंध्यालगत कापायची. आधी नाही. ‘‘दोन पावसाळे,’’ त्यांनी पुन्हा सांगितलं. नांद्रुक वाढीला जोरदार, लवकरही धरू शकतो. पण भाऊ कुणासाठीच हा आकडा कमी करत नाहीत.

झाडांवर प्रेम करणारी कितीतरी माणसं बोन्सायला छळ म्हणतात. जंगलाच्या जिल्ह्यात राहून मलाही तसंच वाटायचं. भाऊंना काम करताना पाहिल्यावर मी तसं म्हणणार नाही. छळ होतो तो घाईने तार आवळणाऱ्याच्या, पाणी विसरणाऱ्याच्या घरी. इथे माणूस रोज कुंडीपाशी बसतो, मेण उललं का बघतो, पाचर सैल झाली का बघतो, आणि कात्री खिशातच ठेवतो.

कुणाला शिकायचं असेल तर महागडं झाड आणू नये. आपल्याकडे गच्चीच्या भिंतीत, पन्हाळीपाशी पिंपळ नाहीतर वड उगवलेला असतोच, आणि भिंतीसाठी तो काढावा लागतोच. तोच कुंडीत लावावा, खालून एक लांब फुटवा मुद्दाम वाढू द्यावा, आणि मृग लागल्यावर भोक पाडावं.