नऊ फूट म्हणजे पावणेतीन मीटर नव्हे

ठाणे-डोंबिवलीत कुणालाही खोलीची उंची विचारा, उत्तर येतं 'नऊ फूट'. २ डिसेंबर २०२० रोजी मंजूर झालेली एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली मात्र सपाट छताच्या राहत्या खोलीला किमान २.७५ मीटर उंची मागते. नऊ फूट होतात २,७४३ मिलिमीटर, म्हणजे सात मिलिमीटर कमी. साईटवर हे कुणाच्या लक्षातही येणार नाही, पण फुटात विचार करून काढलेला सेक्शन मीटरच्या नियमाला लावला की तो कमीच भरतो. म्हणून ऑटोकॅडमध्ये पहिली रेघ मारण्याआधीच युनिटचा निर्णय झालेला बरा.

एकाच प्लॉटची अनेक मापं

आपल्याकडे हा निर्णय सोपा नाही, कारण एकच काम वाटेत चार-पाच वेळा माप बदलतं. सातबारावर क्षेत्र हेक्टर-आर-चौरस मीटरमध्ये असतं. मोजणीवाला मीटरमध्ये फाईल देतो, आर्किटेक्ट मिलिमीटरमध्ये काढतो, ग्राहक चौरस फूट विचारतो, फरशीवाला ब्रासचा भाव सांगतो आणि सुतार सुतात बोलतो. त्यातही प्लायवूडचा शीट आठ बाय चार फुटांचा, पण जाडी अठरा एमएम!

काटई-निळजेकडे जमिनीचा व्यवहार अजून गुंठ्यात बोलला जातो आणि 'आर'लाच गुंठा समजणारे पुष्कळ भेटतात. आर म्हणजे १०० चौरस मीटर. गुंठा ३३ फूट बाय ३३ फुटांचा, म्हणजे १,०८९ चौरस फूट, साधारण १०१.१७ चौरस मीटर. वीस गुंठ्यांमागे हा फरक तेवीस चौरस मीटरच्या पुढे जातो. तेवढ्यात डोंबिवलीत वन-आरके बसतं.

सॉफ्टवेअरला मिलिमीटर कळत नाही

ऑटोकॅड लांबी फक्त आकड्यात साठवतं. तुम्ही ३,००० लांबीची रेघ मारली तर ती तीन हजार 'युनिट' असते. ते मिलिमीटर की इंच, हे तुम्ही ठरवायचं आणि शेवटपर्यंत पाळायचं.

'युनिट्स' कमांड दिली की जी खिडकी उघडते, तिच्यात दोन निवडी महत्त्वाच्या. पहिली लांबीचा प्रकार. 'डेसिमल'मध्ये साधे दशांश आकडे दिसतात. 'आर्किटेक्चरल'मध्ये फूट-इंच दिसतात आणि एक युनिट म्हणजे एक इंच असं धरलं जातं. नवशिक्या ड्राफ्ट्समनची भिंत इथेच दहा फुटांऐवजी दहा इंचांची होते, कारण फुटाची खूण न देता नुसतं १० टाकलं तर ते इंचच. दुसरी निवड 'इन्सर्शन स्केल'. बाहेरून आणलेला दरवाजाचा किंवा कमोडचा ब्लॉक किती मोठा-लहान करून बसवायचा, हे त्यावर ठरतं. दोन्ही फायलींत ही नोंद खरी असेल तर इंचातला ब्लॉक मिलिमीटरच्या ड्रॉइंगमध्ये आपोआप २५.४ पट होऊन येतो. ती 'युनिटलेस' सोडलेली असेल तर भरवसा नाही.

'प्रिसिजन' हा फक्त दिसण्याचा मामला. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली त्या मार्गाचा गेज साडेपाच फूट, म्हणजे १,६७६.४ मिलिमीटर, रेल्वे तो १,६७६ लिहिते. प्रिसिजन शून्य ठेवली तर ऑटोकॅडही १,६७६ दाखवेल, पण रुळाची रेघ आतून १,६७६.४ वरच राहील. अशी गोल केलेली मापं बेरजेला घेतली की शेवटचं एकूण माप जुळत नाही.

माझं मत विचाराल तर इमारतीचं ड्रॉइंग डेसिमल मिलिमीटरमध्येच असावं. नवी फाईल 'अकॅडआयएसओ' टेम्प्लेटवरून उघडली की निम्मं काम झालंच. नुसतं 'अकॅड' टेम्प्लेट इंचाचं असतं.

आधीच चुकलं असेल तर

इन्सर्शन स्केल बदलून जुनं ड्रॉइंग सुधारत नाही. फक्त लेबल बदलतं, रेघा तेवढ्याच राहतात. त्यासाठी 'स्केल' कमांड हवी: इंचाचं मिलिमीटर करायला २५.४, मीटरचं मिलिमीटर करायला १,०००. त्याआधी सगळे लेयर अनलॉक आणि अनफ्रीझ करा, कारण 'ऑल'ने निवड केली तरी लॉक किंवा फ्रीझ लेयरवरच्या वस्तू सुटतात आणि मग कॉलम एकीकडे, भिंती भलतीकडे. नंतर माहीत असलेली एखादी बाजू 'डिस्ट'ने मोजून पाहा. क्षेत्रफळाचं भानही ठेवा: लांबी २५.४ पट झाली की क्षेत्र ६४५.१६ पट होतं. मिलिमीटरच्या ड्रॉइंगमधलं क्षेत्र चौरस मीटरमध्ये हवं तर दहा लाखांनी भागायचं.

मोजणीच्या फाईलला हात लावू नका

ती खऱ्या भौगोलिक निर्देशांकांवर असेल तर मीटरमध्येच राहू द्या. यूटीएमच्या ४३व्या झोनमध्ये ठाण्याचा उत्तरांक २१ लाख मीटरच्या पुढे आहे. मिलिमीटर केला की तोच आकडा दोनशे कोटींवर जातो आणि मूळ निर्देशांक हरवतात. सर्व्हेअर कोन उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजतो, ऑटोकॅड मात्र सांगितलं नाही तर पूर्वेपासून उलट दिशेने. हेही त्याच 'युनिट्स' खिडकीत बदलता येतं.

सुतारासाठी वेगळी प्रिंट

एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिलिमीटर. फर्निचरचं ड्रॉइंग इंचात नव्याने काढायची गरज नाही. डायमेन्शन स्टाईलमध्ये 'अल्टरनेट युनिट्स' चालू करा, प्रकार आर्किटेक्चरल, गुणक ०.०३९३७ आणि प्रिसिजन एक अष्टमांश ठेवा. मिलिमीटरशेजारी कंसात फूट-इंच येतात आणि अपूर्णांकाचे आठवे भाग मोजले की ते थेट सूतच.