यकृत, तांबे आणि एक निळे प्रथिन

तांबे म्हटले की घागर आणि बंब आठवतात. परंतु हा धातू अत्यल्प प्रमाणात आपल्या देहासही आवश्यक असतो. मात्र पेशीत मोकळे साचलेले तांबे विषासमान ठरते. म्हणूनच निसर्गाने त्याचा कारभार यकृताकडे सोपविला आहे.

अन्नातील तांबे लहान आतड्यात शोषले जाऊन यकृतात येते. यकृताच्या पेशीत ‘एटीपी७बी’ नावाचे वाहक प्रथिन असते. त्याची कामे दोन. यकृत जेथे ‘सेरुलोप्लाझ्मिन’ हे प्रथिन घडविते, तेथे तांबे पोहोचविणे हे पहिले; गरजेहून अधिक तांबे पित्तावाटे बाहेर टाकणे हे दुसरे. सेरुलोप्लाझ्मिनच्या प्रत्येक रेणूत तांब्याचे सहा अणू घट्ट बसविले जातात आणि मग ते रक्तात सोडले जाते. तांब्यामुळे त्यास निळा रंग येतो. होल्मबर्ग आणि लॉरेल या स्वीडिश संशोधकांनी १९४८ मध्ये ते वेगळे करून दाखविले. रक्तद्रवातील बहुतांश तांबे याच प्रथिनात असते.

वाहकाचे जनुक सदोष असल्यास दोन्ही कामे अडतात. तांब्याविना बाहेर पडलेले सेरुलोप्लाझ्मिन लवकर नष्ट होते, म्हणून रक्तातील त्याचे प्रमाण घटते. इकडे तांबे प्रथम यकृतात आणि पुढे मेंदूत साचत जाते. किनिअर विल्सन यांनी १९१२ मध्ये लंडनमध्ये या आजाराचे सविस्तर वर्णन केले. त्यांचेच नाव त्यास मिळाले.

हा आजार बहुधा शालेय वा तरुण वयात प्रकट होतो. कावीळ होते, हात थरथरतो, अक्षर बिघडते, बोलणे अडखळते, स्वभाव पालटतो. अशा मुलास आळशी ठरवून शिक्षा करणे किंवा बाहेरची बाधा समजून अंगारे-धुपारे करणे, यात मोलाचा काळ वाया जातो. रक्ताची, चोवीस तासांच्या लघवीची आणि डोळ्यांची तपासणी करून निदानाची दिशा मिळते.

दोष आई आणि वडील दोघांकडून आला तरच आजार होतो. ते स्वतः निरोगी असतात. म्हणून कोणास बोल लावू नये. नात्यातील विवाहांत हा धोका वाढतो. रुग्णाच्या प्रत्येक सख्ख्या भावंडास आजाराची शक्यता चारात एक असते. लक्षणे नसली तरी त्यांची तपासणी अवश्य करावी. पेनिसिलामाइन, जस्त अशी औषधे उपलब्ध आहेत. ती वेळेवर सुरू झाली आणि आयुष्यभर न चुकता घेतली, तर मूल शिकते, कमावते, संसार करते.