वीस रुपयांचा विमा, पण वारस कोण?

विम्याचा विषय काढला की आपल्या बायका चटकन म्हणतात, "ते घरातले पुरुष बघतात." दिघीत बचत गटाच्या बैठकीला गेले की मी हे हमखास ऐकते. पण वादळात मोडलेली वाडी आवरायला कोण असतं? आपणच ना?

3 जून 2020 चं 'निसर्ग' वादळ आमच्या श्रीवर्धन तालुक्यात कुणी विसरलेलं नाही. नारळी-पोफळीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. पोफळ लावली की सुपारी धरायला सहा-सात वर्षं जातात! सरकारने फळबागांची मदत हेक्टरी 50,000 रुपये केली. पण आमच्याकडे वाड्या गुंठ्यांत मोजतात. दहा गुंठ्यांचे या हिशेबाने जेमतेम 5,000 होतात.

मदत किती मिळेल ते आपल्या हातात नसतं. विम्यात निदान अटी आधी कळतात. म्हणूनच त्या नीट वाचायच्या. राज्यात 2023 च्या खरिपात सुरू झालेला एक रुपयाचा पीक विमा 2025 मध्ये बंद झाला आणि भातासाठी विमा रकमेच्या 2 टक्क्यांपर्यंतचा हप्ता पुन्हा शेतकऱ्याकडे आला. त्या खरिपात भरपाई ठरली ती पीक कापणी प्रयोगांवर. म्हणजे आपलं शेत गेलं, पण महसूल मंडळाचं सरासरी उत्पन्न बरं आलं, तर हाती काही नाही. तेव्हा फॉर्म भरण्याआधी कृषी सहायकाला यंदाचे नियम विचाराच.

पिकाइतकाच पिकवणारा माणूसही महत्त्वाचा. प्रधानमंत्री सुरक्षा बीमा योजनेत वर्षाला 20 रुपये भरून 18 ते 70 वयापर्यंत 2 लाखांचं अपघाती संरक्षण मिळतं. जीवन ज्योती विम्याचा हप्ता 436 रुपये. त्यात 18 ते 50 वयात नाव घालता येतं आणि मृत्यू आजारानेही झाला तरी 2 लाख मिळतात. दोन्हींचं वर्ष 1 जून ते 31 मे. हप्ता बँक खात्यातूनच कापतात, म्हणून मे महिन्यात खातं रिकामं ठेवायचं नाही. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत तर हप्ताच नाही. खातेदार शेतकरी आणि कुटुंबातली आणखी एक व्यक्ती त्यात येते. सर्पदंश, वीज पडणं, बुडणं अशा मृत्यूंसाठी तालुका कृषी अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा.

माझ्या ओळखीतल्या एका ताईंचे यजमान शेतात साप चावून गेले. पेटीत पासबुक होतं आणि त्यात 20 रुपये कापल्याची नोंदही होती. ती वाचली मुलाने, तीही काही महिन्यांनी. वारस म्हणून नाव होतं सासूबाईंचं, आणि त्या आधीच वारलेल्या. दुःख बाजूला ठेवून बिचारीला वारस दाखल्यासाठी खेपा घालाव्या लागल्या.

म्हणून मैत्रिणींनो, या आठवड्यात एवढं कराच. घरातली सगळी पासबुकं भरून आणा. हप्ता कापला का, वारस म्हणून कुणाचं नाव आहे, ते बघा. सातबारावर आपलं नाव आहे का, तेही तपासा. अपघात झालाच तर पंचनामा, शवविच्छेदन अहवाल आणि मृत्यूचा दाखला जपून ठेवा. वाचता येत नसेल तर गटातल्या शिकलेल्या मुलीकडून वाचून घ्या. त्यात लाज कसली?