निळ्या ओठांचे बाळ आणि व्हिव्हियन थॉमस

खेळता खेळता एखादे मूल मध्येच उकिडवे बसते, धापा टाकते. त्याचे ओठ आणि नखे निळसर दिसतात. घरातील मोठी माणसे म्हणतात, "अंगात शक्ती नाही." कोणी गरोदरपणात पाळलेल्या न पाळलेल्या ग्रहणाकडे बोट दाखवते आणि दोष आईच्या माथी येतो. खरे कारण त्या मुलाच्या हृदयात असते.

अशा निळेपणाचे एक प्रमुख कारण म्हणजे 'टेट्रालॉजी ऑफ फॅलो' हा जन्मजात विकार. यात चार दोष एकत्र असतात. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला छिद्र असते. फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद असते. महाधमनी त्या छिद्राच्या वर सरकलेली असते आणि उजवा कप्पा जाड झालेला असतो. त्यामुळे पुरेसे रक्त फुप्फुसात पोहोचत नाही आणि प्राणवायू न मिळालेले रक्त शरीरभर फिरते. उकिडवे बसल्याने पायांतील रक्तवाहिन्या दाबल्या जातात, फुप्फुसाकडे थोडे अधिक रक्त वळते आणि मुलाला बरे वाटते. मूल हे कोणी न शिकवता करते.

१९४४ पूर्वी या मुलांवर उपाय नव्हता. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात डॉ. हेलन टॉसिग अशी मुले तपासत असत. फुप्फुसाकडे रक्ताची नवी वाट काढता येईल का, असा प्रश्न त्यांनी शल्यविशारद डॉ. आल्फ्रेड ब्लॅलॉक यांच्यापुढे ठेवला. प्रयोगशाळेत त्याचे उत्तर शोधले व्हिव्हियन थॉमस यांनी. थॉमस कृष्णवर्णीय होते. डॉक्टर होण्यासाठी साठवलेले पैसे १९२९ नंतरच्या मंदीत बँकेबरोबर बुडाले होते. ते संशोधनाचे काम करीत, पण सुरुवातीच्या नोकरीत कागदोपत्री त्यांची नोंद आणि पगार सफाई कामगाराचा होता. त्यांनी सुमारे दोनशे कुत्र्यांवर प्रयोग करून हाताकडे जाणारी धमनी फुप्फुसाच्या धमनीला जोडण्याची पद्धत पक्की केली.

२९ नोव्हेंबर १९४४ रोजी एलीन सॅक्सन या पंधरा महिन्यांच्या मुलीवर ही शस्त्रक्रिया झाली. थॉमस ब्लॅलॉक यांच्या मागे स्टुलावर उभे राहून टाका कुठे आणि कसा घ्यायचा ते सांगत होते. एलीनचा रंग सुधारला. काही महिन्यांनी मात्र ती दगावली. पण वाट उघडली होती, आणि पुढे असंख्य मुले त्या वाटेने जगली. १९४५ च्या शोधनिबंधावर नावे फक्त ब्लॅलॉक आणि टॉसिग यांची होती. थॉमस यांना त्याच संस्थेने मानद डॉक्टरेट दिली ती १९७६ साली. आज या शस्त्रक्रियेच्या नावात 'थॉमस' हे नावही घेतले जाऊ लागले आहे.

आता बहुतेक मुलांमध्ये छिद्र बुजवून आणि अरुंद वाट रुंद करून पूर्ण दुरुस्ती करता येते. त्यासाठी विकार वेळेत ओळखला जाणे महत्त्वाचे. म्हणून आपण एवढे लक्षात ठेवू :

• बाळ दूध पिताना दमते, घामाघूम होते, वजन वाढत नाही, रडताना निळे पडते, तर विलंब न करता डॉक्टरांना दाखवावे. छातीच्या टू-डी इको तपासणीत विकार कळतो.

• मूल अचानक खूप निळे पडले तर त्याचे गुडघे छातीशी दुमडून धरावेत आणि ताबडतोब रुग्णालय गाठावे.

• राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी व सरकारी शाळांतील मुलांची तपासणी होते आणि जन्मजात हृदयविकारावरील शस्त्रक्रियाही मोफत होते. पथक येईल त्या दिवशी मूल घरी ठेवू नये.

• गरोदरपणात रुबेला झाल्यास बाळाच्या हृदयात दोष येऊ शकतो. म्हणून मुलामुलींना गोवर-रुबेलाची लस चुकवू नये. गरोदर बाईची साखर तपासून घ्यावी.

शंभर बाळांमागे साधारण एकाला हृदयाचा लहानमोठा जन्मजात दोष असतो. तो आईच्या चुकीने येत नाही, ग्रहणाने तर मुळीच नाही. अंगारे-धुपाऱ्यात गेलेले महिने मात्र त्या मुलाला परत मिळत नाहीत.