आधी दर, मग दुकान
लेखमाला : वर्गणीवर चालणारं सॉफ्टवेअर – लेखांक ६

मागच्या लेखांकात आपण वर्गणीचं गणित पाहिलं: दरमहा येणारा पैसा, दरमहा गळणारे ग्राहक आणि त्या दोहोंच्या फरकावर तगणारी कंपनी. या वेळी ते गणित एका खऱ्या कंपनीला लावून बघू. कंपनीचं नाव बफर. सोशल मीडियावरच्या पोस्ट आधी लिहून ठेवायच्या आणि ठरल्या वेळी त्या आपोआप पडतील, ही सोय ती विकते. याच धंद्यातली हूटसूट तिच्याहून कितीतरी मोठी आहे. तरी बफर निवडली, कारण तिने आपला हिशेब पगारांसकट जगापुढे मांडून ठेवला. त्यामुळे आत काय घडलं याचे तर्क लढवत बसावं लागत नाही.

२०१० साली इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅममध्ये जोएल गॅस्कॉइन हा तरुण प्रोग्रॅमर इतरांची कामं करून देऊन पोट भरत होता. वाचनात आलेलं काही चांगलं दिसलं की ट्विटरवर टाकायची त्याला सवय होती. सगळं एकदम टाकलं तर लोक वैतागतात, म्हणून ते दिवसभरात विखरून टाकायचं. ट्वीट राखून ठेवायची सोय काही अ‍ॅप्समध्ये तेव्हाही होती, पण प्रत्येक ट्वीटला तारीख-वेळ हाताने भरा, असा तो कारभार. जोएलला हवं होतं ते याहून सोपं होतं. दिवसातल्या वेळा एकदाच ठरवायच्या आणि पुढे नुसतं रांगेत टाकत जायचं.

कोड लिहायला बसण्याआधी त्याने दोन पानांची वेबसाइट केली. पहिल्या पानावर ही सोय काय करते ते आणि खाली एक बटण. बटण दाबलं की दुसरं पान उघडे: अजून तयारी चालू आहे, ईमेल देऊन ठेवा. ईमेल आले. पण फुकटच्या गोष्टीला हो म्हणायला कुणाचं काय जातं? म्हणून त्याने दोन पानांच्या मधे तिसरं घुसवलं, दरपत्रकाचं: एक योजना फुकट, एक महिन्याला ५ डॉलरची, एक २० डॉलरची. एक टिचकी वाढली तरी लोक येतच राहिले आणि त्यातल्या काहींनी पैशाच्या योजना निवडल्या. बाजारात तुरी असताना भटाने भटणीशी भांडू नये, असं आपली म्हण सांगते. इथे तुरी शिजवायच्या की नाही हेच त्या भांडणावरून ठरलं. मग साताठ आठवडे खपून त्याने पहिली आवृत्ती उभी केली आणि ३० नोव्हेंबर २०१० रोजी ती खुली केली. चार-पाच दिवसांतच पहिला पैसे भरणारा ग्राहक मिळाला.

त्यानंतर आला लिओ विड्रिख, वॉरिक विद्यापीठात शिकणारा ऑस्ट्रियन मुलगा. जाहिरातीला पैसा नव्हता. लिओने मार्ग काढला तो हमालीचा: दुसऱ्यांच्या ब्लॉगवर पाहुणा लेखक म्हणून लिहायचं आणि शेवटी बफरचा दुवा द्यायचा. नऊएक महिन्यांत असे दीडशेच्या आसपास लेख. एकेका लेखाने फार काही झालं नाही, पण या काळात वापरणारे एक लाखावर गेले. पुढे ते दोघे सॅन फ्रान्सिस्कोला गेले, नवख्या कंपन्यांना हात देणाऱ्या एंजलपॅडमध्ये दाखल झाले आणि सुरुवातीचं भांडवल उभं केलं. व्हिसाची अडचण आली तेव्हा बिऱ्हाड उचलून हाँगकाँग, मग तेल अवीव. घरून, कुठल्याही देशातून काम करण्याची या कंपनीची पद्धत अशी निम्मी नाइलाजातून आलेली आहे. २०१५ मध्ये तर त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोतलं ऑफिसच बंद केलं.

आता हे सॉफ्टवेअर चालतं कसं, ते थोडं खोलात बघू, कारण धंद्याचा जीव तिथेच अडकलेला आहे. तुम्ही बफरला आपला पासवर्ड देत नाही. तुम्हाला फेसबुककडे नेलं जातं, तिथे तुम्ही ‘परवानगी आहे’ म्हणता आणि फेसबुक बफरच्या हाती एक टोकन देतं. ठरलेली वेळ झाली की बफर ते टोकन दाखवून तुमच्या नावाने पोस्ट टाकतं. पुण्या-मुंबईच्या एजन्सीत बसलेली मुलं पाडव्याच्या शुभेच्छा आठवडाभर आधी रांगेत लावून मोकळी होतात, ती अशाच टोकनांच्या जोरावर. (आणि नेमकी त्याच सकाळी एखाद्या मोठ्या माणसाच्या निधनाची बातमी आली, की रांग थांबवायला ज्याची धावपळ होते, त्याला या सोयीची दुसरी बाजू विचारावी.)

२०१३ च्या ऑक्टोबरमध्ये, एका शनिवारी, ही टोकनं चोरांच्या हाती लागली. हजारो लोकांच्या फेसबुक-ट्विटरवर त्यांच्याच नावाने वजन कमी करण्याच्या जाहिराती झळकू लागल्या. चोर शिरले होते बफरचा डेटाबेस सांभाळणाऱ्या दुसऱ्या कंपनीच्या वाटेने, आणि टोकनं सांकेतिक रूपात ठेवलेली नव्हती. बफरने सगळं थांबवलं, टोकनं रद्द केली आणि काय चुकलं ते तासातासाला ग्राहकांना कळवत राहिली. अशा वेळी बहुतेक कंपन्या वकिलाला विचारून दोन ओळी काढतात. इथे मोकळेपणाने ग्राहक टिकवले.

त्याच डिसेंबरात त्यांनी सगळ्यांचे पगार जाहीर केले, नावानिशी आणि पगार ठरवण्याच्या सूत्रासकट: काम कोणतं, अनुभव किती, राहता कुठे. जगभर बातम्या झाल्या आणि नोकरीसाठी येणारे अर्ज भराभर वाढले. माझ्या मते हा मोकळेपणा खरा होता आणि तितकीच ती फुकटातली उत्तम जाहिरातही होती. दोन्ही एकाच वेळी असायला काही हरकत नाही.

२०१४ च्या अखेरीस कंपनीची किंमत ६ कोटी डॉलर धरून ३५ लाख डॉलरचं भांडवल आलं. इथून कथेला वेगळं वळण लागतं. वर्गणी वाढत होती, पण माणसं त्याहून वेगाने वाढवली गेली. जेमतेम वर्षभरात टीम ३४ वरून ९४ वर गेली. २०१६ च्या जूनमध्ये शिल्लक तपासली तेव्हा लक्षात आलं की याच वेगाने गेलो तर काही महिन्यांत खडखडाट. दहा जणांना घरी पाठवलं, संस्थापकांनी स्वतःच्या पगारात काटछाट केली आणि कसं चुकलो हे आकड्यांसह लिहून टाकलं. ग्राहक पळाले नव्हते, उत्पन्न घटलं नव्हतं. अंथरूण लांबेल या भरवशावर पाय आधीच पसरले होते, इतकंच.

त्यापुढे जोएल आणि लिओचं पटेना. जोएलला नफ्यात, सावकाश चालणारी कंपनी हवी होती, लिओला वेगळी वाट. २०१७ च्या सुरुवातीला लिओ बाहेर पडला. २०१८ मध्ये जोएलने कंपनीच्या साठलेल्या नफ्यातून ३३ लाख डॉलर खर्चून मुख्य गुंतवणूकदारांचे शेअर विकत घेतले. गुंतवणूकदाराच्या फंडालाही मुदत असते. कधीतरी कंपनी विकली जावी किंवा शेअर बाजारात यावी, हीच त्याची अपेक्षा असणार. ज्याला दोन्ही करायचं नाही, त्याने गुंतवणूकदाराचे पैसे परत करून मोकळं व्हावं, हे सरळ आहे. असं करणाऱ्या कंपन्या मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच.

घरमालक कायम दुसरेच, ही या धंद्याची गोम मात्र सुटली नाही. इन्स्टाग्राम कित्येक वर्षं बाहेरच्या सॉफ्टवेअरला थेट पोस्ट टाकू देत नसे. बफर वेळेवर फोनवर आठवण पाठवी, मग फोटो आणि मजकूर उघडून तुम्हीच बटण दाबायचं. २०१८ मध्ये व्यावसायिक खात्यांपुरतं ते दार उघडलं, आणि त्याच वर्षी, लोकांच्या माहितीच्या गैरवापराच्या केंब्रिज अ‍ॅनालिटिका प्रकरणानंतर, फेसबुकने खाजगी प्रोफाइलवर बाहेरून पोस्ट टाकणं बंद केलं. गूगलचं सोशल नेटवर्क, गूगल प्लस, २०१९ मध्ये मिटलं. २०२३ मध्ये ट्विटरने फुकट असलेल्या दारावर तिकीट लावलं, तेही बड्या वापरासाठी महिन्याला हजारो डॉलरचं. बफर स्वतःचे दर जोडलेल्या खात्यागणिक लावते, त्याचा इथे एक फायदा असावा: प्रत्येक दाराचा खर्च वेगळा मोजता येतो.

पुढच्या लेखांकात व्हँकुव्हरची हूटसूट. धंदा हाच, पण २०१३ मध्ये एका फेरीत १६ कोटी ५० लाख डॉलर उचलल्यावर कोणत्या ग्राहकाच्या मागे धावावं लागतं, ते पाहू.