पोटमाळ्यावरच्या सीडी टाकून देण्याआधी

दिवाळीच्या साफसफाईत गिरगाव-लालबागच्या चाळींतल्या पोटमाळ्यांवरून सीडींचे खोके अजूनही खाली येतात. त्यांत 'एज ऑफ एम्पायर्स', 'क्वेक', 'क्रिकेट ०७' असे खेळ असतात. यातला बराच माल ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडवरून आलेला. कागदोपत्री हा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण कम्प्युटरवाल्यांच्या तोंडी गव्हर्नर लॉर्ड लॅमिंग्टनच टिकून राहिले. नव्या मशीनमध्ये सीडी घातली की सेटअप सुरूच होत नाही. मग 'सीडी गेली' म्हणून ती कचऱ्यात जाते. अनेकदा सीडीचा त्यात काहीच दोष नसतो.

पहिला संशय सेटअपवरच घ्यावा. नव्वदच्या दशकात खेळ ३२ बिटचा, पण तो हार्ड डिस्कवर उतरवणारा प्रोग्राम १६ बिटचा, हे सर्रास चालायचं. ६४ बिटचं विंडोज १६ बिटचा प्रोग्राम चालवत नाही आणि विंडोज ११ तर ६४ बिटमध्येच मिळतं. यावर भरवशाचा उपाय म्हणजे व्हर्च्युअल मशीनमध्ये विंडोज ९८ किंवा एक्सपी बसवणं. डॉसच्या काळातल्या खेळांसाठी २००२ पासून मोफत मिळणारा 'डॉसबॉक्स' आहे.

काही अडचणी किरकोळ असतात. व्हिस्टा आणि विंडोज ७ वर 'एज ऑफ एम्पायर्स'चं गवत जांभळं दिसायचं. खेळाच्या २५६ रंगांच्या पटलात विंडोजचा एक्सप्लोरर ढवळाढवळ करायचा; टास्क मॅनेजरमधून एक्सप्लोरर बंद केला की गवत पुन्हा हिरवं. डायरेक्टएक्स ९ च्या फाइल सापडत नाहीत अशी तक्रार आली, तर आधी सीडीतच डायरेक्टएक्सचा फोल्डर आहे का ते पाहावं. आणि जुना खेळ 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये न टाकता स्वतंत्र फोल्डरमध्ये टाकावा, म्हणजे सेव्ह केलेले डाव लिहिताना परवानगीची कटकट होत नाही.

खरा घोळ कॉपी रोखणाऱ्या कुलपाचा आहे. 'सेफडिस्क' आणि 'सेक्युरॉम' ही त्या काळातली नावाजलेली कुलपं. सेफडिस्कच्या डिस्कवर मुद्दाम न वाचता येणारे भाग ठेवलेले असत. साध्या कॉपीत ते उतरत नसत आणि खेळ सुरू होताना तेच शोधायचा. त्यासाठी 'सेकड्रव्ह' नावाचा ड्रायव्हर थेट विंडोजच्या गाभ्यात काम करायचा. २००७ मध्ये त्यात सुरक्षेचं भगदाड सापडलं. २०१५ मध्ये आलेल्या विंडोज १० ने तो घेतलाच नाही आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरमधल्या अपडेटने व्हिस्टा, ७ आणि ८ वरही तो बंद पडला. म्हणजे पैसे मोजून घेतलेली डब्यातली सीडी अडते आणि कुलूप काढलेली चोरीची प्रत बिनदिक्कत चालते. प्रामाणिक गिऱ्हाइकावर हा अन्यायच आहे. तरी तो ड्रायव्हर पुन्हा चालू करू नये; इंटरनेटला न जोडलेल्या एखाद्या जुन्या मशीनवर एक्सपी ठेवणं अधिक शहाणपणाचं.

आता डिस्कबद्दल. आपण चकचकीत बाजू जपतो आणि छापील बाजूवर खुशाल पेनाने लिहितो. वास्तविक १.२ मिलिमीटरच्या पॉलिकार्बोनेटवरचा माहितीचा थर छापील बाजूला, लॅकरच्या पातळ लेपाखाली असतो. चकचकीत बाजूचा ओरखडा पॉलिशने जाऊ शकतो, वरच्या बाजूचा माहितीच खरवडून नेतो. घरी राइट केलेल्या सीडीतला रंगद्रव्याचा थर उन्हाने विटतो. दमट हवेतल्या बेलीझ देशातून आलेल्या सीडीतला माहितीचा थर बुरशीने पोखरल्याचं २००१ मध्ये स्पेनमधल्या संशोधकांनी दाखवलं. मुंबईचा पावसाळा पाहता हे मनावर घ्यायला हवं.

म्हणून सीडी वाचता येते आहे तोवर तिची संपूर्ण प्रतिमा काढून ठेवावी. इथे आयएसओ प्रकारची फाइल नेहमी पुरत नाही. 'क्वेक'सारख्या खेळांचं संगीत सीडीवर गाण्यांच्या ट्रॅकच्या रूपात आहे. आयएसओत ते गळतं, बिन-क्यू या फाइलींच्या जोडीत टिकतं. कायद्याचीही आडकाठी नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला प्रोग्रामची बॅकअप प्रत करू देतं.

परदेशी खेळांना जगभर चाहते आहेत. मराठी बाराखडीच्या, गोष्टींच्या, कोड्यांच्या सीडींना कोण आहे? फ्लॅशवर बेतलेल्यांचा आधार ३१ डिसेंबर २०२० ला सुटला आणि युनिकोडपूर्व फॉन्ट नसेल तर पडद्यावर अक्षरांचा नुसता काला दिसतो. १९५४ च्या कायद्याने प्रत्येक प्रकाशकाला पुस्तकाची एक प्रत मुंबईत टाउन हॉलमधल्या मध्यवर्ती ग्रंथालयाला द्यावी लागते, पण त्या कायद्यातल्या पुस्तकाच्या व्याख्येत सीडी बसत नाही. फ्रान्सने १९९२ मध्येच अशा डिस्क जमा करणं बंधनकारक केलं. आपल्याकडेही कायद्यात ही दुरुस्ती व्हायला हवी. तोवर वाचकांनी एवढं करावं: खोका भंगारात देण्याआधी त्यातल्या मराठी सीडी बाजूला काढाव्यात आणि सगळ्यात आधी त्यांच्या प्रती कराव्यात.